नरो वा कुंजरो वा : जॉन स्नोच्या मरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

१४ जून २०१५, रविवार. अमेरिकेत रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पाचव्या पर्वाचा शेवटचा भाग तिकडे संपला तेव्हा इकडे डबे भरले जात होते, आणि ज्याला मालिका पुढे केव्हातरी निवांत बघायची होती त्याला फोन उघडल्या उघडल्या कळून चुकलं, की जॉन स्नो मेला. आपल्याच माणसांनी भोसकला. शेवटचा वार केला तो ऑली नावाच्या पोरानं. जॉन बर्फात उताणा, अंगाखाली रक्त पसरतंय, कॅमेरा डोळ्यांवर. मग अंधार आणि नामावली.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तरेला बर्फाची अजस्र भिंत आहे, तिच्यावर पहारा देणारी 'नाइट्स वॉच' नावाची पलटण आहे, आणि जॉन तिचा सेनापती. भिंतीपलीकडच्या रानटी टोळ्यांना तो आत घेतो, म्हणून पलटणीतलेच काही जण त्याला गद्दार ठरवतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, या मालिकेची ख्यातीच मुळी माणसं मारण्याची होती. २०११ मध्ये पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्कचं मुंडकं उडवलं; पोस्टरवर सिंहासनावर बसलेला माणूस पर्व संपायच्या आतच संपला. २०१३ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला लग्नघरात कापलं. इथे मेलेला मेला, हा प्रेक्षकाशी झालेला अलिखित करार होता. दुसरी गोष्ट, मूळ कादंबऱ्या वाचणाऱ्यांना हा प्रसंग नवा नव्हता. जुलै २०११ मध्ये आलेल्या पाचव्या खंडात जॉन तसाच भोसकला जातो आणि त्याची कथा तिथेच थांबते. सहावा खंड आलेला नव्हता. म्हणजे वाचकमंडळी चार वर्षं नुसते तर्क लढवत बसलेली. सगळे पुरावे गोळा करून तयार होते, खटला फक्त टीव्हीवर उभा राहायचा बाकी होता.

तो भाग अमेरिकेत थेट प्रक्षेपणात सुमारे ८१ लाख लोकांनी पाहिला. तोवरचा या मालिकेचा तो उच्चांक.

अडचण

पुढचं पर्व एप्रिल २०१६ मध्ये येणार होतं. जॉन दुसऱ्याच भागात जिवंत होणार हे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डॅन वाइस यांना माहीत होतं. जॉनचं काम करणाऱ्या किट हॅरिंग्टनलाही माहीत होतं. म्हणजे एवढं मोठं गुपित दहा महिने सांभाळायचं होतं, आणि तेही अशा प्रेक्षकांपासून, ज्यांना दुसरा उद्योग नाही. (हे मी प्रेमानं म्हणतोय. त्यांतलाच एक आहे.)

पुरावे सगळे जॉनच्या बाजूनं होते. एका देवाच्या नावानं मेलेल्याला उठवण्याची विद्या मालिकेच्या जगात आहे, हे तिसऱ्या पर्वातच दाखवून झालं होतं. त्याच देवाची पुजारीण मेलिसांड्रे याच भागात, जॉनला भोसकायच्या थोडंच आधी, पलटणीच्या किल्ल्यावर परतली होती. तिला परत आणायला दुसरं काही कारण दिसत नव्हतं. जॉनची आई कोण, हा पहिल्या पर्वापासूनचा प्रश्न अजून उघडा होता. ज्याच्या जन्माचं रहस्य फोडायचं बाकी आहे त्याला कुठला लेखक असा वाटेत टाकून देईल? आणि सगळ्यांत रोकडा पुरावा म्हणजे ऑक्टोबर २०१४ मधली बातमी. पाच प्रमुख कलाकारांचे करार सातव्या पर्वापर्यंत वाढवल्याचं छापून आलं होतं आणि त्या पाचांत हॅरिंग्टनचं नाव होतं.

शिवाय एक रिवाज आडवा आला. या मालिकेत पात्र मेलं, की त्याच रात्री त्या नटाची निरोपाची मुलाखत यायची. आठवणी, शेवटचा दिवस, सेटवरून काय उचलून नेलं, वगैरे. हॅरिंग्टनची मुलाखत आली नसती, तर 'का आली नाही' हाच पुरावा ठरला असता. म्हणजे गप्प बसण्याची सोयही त्यांच्याच जुन्या सवयीनं काढून घेतली होती.

समोर असलेले पर्याय

त्या खोलीत काय बोलणं झालं हे मी सांगू शकत नाही, पण अशा वेळी हाताशी काय काय असतं ते धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे.

कुणीच काही बोलायचं नाही, हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. तो का चालला नसता ते वर आलंच.

खोटे शेवट चित्रित करून ठेवायचे, हा जुना अमेरिकी मार्ग. १९८० मध्ये 'डॅलस' या मालिकेत जे. आर. युइंग या पात्रावर गोळी झाडली गेली, तेव्हा गोळी कुणी झाडली ते फुटू नये म्हणून वेगवेगळ्या कलाकारांना गोळी झाडताना चित्रित केलं होतं. मार्चमध्ये गोळी, नोव्हेंबरमध्ये उत्तर, आणि मधले आठ महिने लोक पैजा लावत होते. पण तिथे प्रश्न 'कुणी' हा होता. दहा नावांत खरं नाव लपवता येतं. इथे प्रश्न 'आहे की नाही' एवढाच. दोनच उत्तरं, आणि नट सेटवर दिसला की एक गळालं.

तिसरा मार्ग सरळ कबुलीचा. हो, तो परत येतोय. कसा आणि काय होऊन, ते बघा. मला हा मार्ग त्या वेळी वेडेपणाचा वाटला होता. आता तसा वाटत नाही. त्याकडे शेवटी येतो.

चौथा मार्ग धर्मराजाचा. अश्वत्थामा मेला हे खरं. माणूस की हत्ती, ते हळू आवाजात. जॉन मेला हे शंभर टक्के खरंच होतं. तो मेलाच होता. नंतर उठला, ही पुढची गोष्ट. म्हणजे 'जॉन मेला' असं छातीठोकपणे सांगून कुणालाही खोटं न बोलता दहा महिने काढता आले असते.

आणि पाचवा, उघड खोटं. मी आता या मालिकेत नाही.

काय केलं

त्यांनी चौथ्या मार्गानं सुरुवात केली आणि पहिल्याच रात्री पाय घसरून पाचव्यावर पडले. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा क्षण हाच, म्हणून जरा थांबतो.

'एंटरटेनमेंट वीकली' या साप्ताहिकात त्याच रात्री हॅरिंग्टनची मुलाखत आली. निर्मात्यांनी आपल्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू गेलास, संपलं, असं तो त्यात म्हणाला. इथवर धर्मराज. पण मुलाखतकारानं कराराच्या बातमीचा विषय काढला आणि तिथे अर्धसत्याला जागा उरली नाही. 'जॉन मेलाय' हे पात्राबद्दलचं वाक्य आहे. 'तुझा करार आहे का' हा माणसाला विचारलेला प्रश्न आहे. तो म्हणाला, मला सांगितलंय की मी मेलो आहे, आणि मी पुढच्या पर्वात परत येत नाही.

शेवटचं वाक्य नसतं, तर हे प्रकरण लिहावंच लागलं नसतं. रथ जमिनीला टेकला तो इथे.

बाकीच्यांची विधानं ताडून बघा. वाइस म्हणाला, मेला म्हणजे मेला. जुलैमध्ये मालिका दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख मायकल लॉम्बार्डो पत्रकारांसमोर तेच म्हणाले, फक्त 'मेला' हा शब्द आणखी दोनदा वापरून. त्या शेवटच्या भागाचे दिग्दर्शक डेव्हिड नटर यांना तर खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनी विचारलं, जॉनला मारलं नाहीत ना? नटर यांनी उत्तर दिलं, मेल्याहून मेलेला आहे. ही सगळी विधानं काटेकोरपणे बघितली तर खरी आहेत. पात्र खरोखरच मेलेलं होतं. जे पगारी अधिकारी होते, ज्यांच्यावर कुणाचं प्रेम नव्हतं, ते सत्याच्या काठावर सुरक्षित उभे राहिले. आणि ज्याच्यावर लोकांचा जीव होता त्या पोराच्या तोंडून मात्र धडधडीत खोटं वदवलं गेलं. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. मुलाखतीचा तिसरा-चौथा प्रश्न काय येईल याची तालीम झाली नसावी, एवढंच.

आतल्या बंदोबस्तात मात्र कसूर नव्हती. पटकथेत जॉनचं नाव काढून टाकलं, त्या जागी 'एल. सी.' अशी लॉर्ड कमांडरची, म्हणजे सेनापतीची, आद्याक्षरं आली. सेटवर त्याला 'जॉन' म्हणायला बंदी होती.

काय घडलं

केस.

हॅरिंग्टनचे लांब कुरळे केस हा जॉनचा ट्रेडमार्क, आणि कामासाठी ते ठेवावे लागतात हे त्यानंच पूर्वी सांगून ठेवलेलं. मालिकेतून सुटलेला माणूस पहिलं काम काय करेल? न्हाव्याकडे जाईल. जुलैमध्ये तो विम्बल्डनला सामना बघायला आला, सुटाबुटात, आणि केस होते तिथेच. त्या दिवशी कोर्टवर कोण जिंकलं याच्याशी निम्म्या जगाला देणंघेणं नव्हतं. मग तो बेलफास्टला दिसला, जिथे मालिकेचं चित्रीकरण चालायचं. सप्टेंबरात तर उत्तर आयर्लंडमधल्या उघड्या शेतात मोठ्या लढाईचं चित्रीकरण सुरू झालं आणि दुरून काढलेल्या फोटोंत तो चिलखतात दिसू लागला.

आपल्याकडचा एक किस्सा इथे आठवतो. एका मराठी मालिकेत नायिकेचा अपघात झाला, भिंतीवरच्या फोटोला हार चढला, आणि नटीनं मुलाखतीत 'माझा या कुटुंबातला प्रवास संपला' असं डोळे भरून सांगितलं. चारच दिवसांत तिनं मेकअप रूममधला एक साधा फोटो टाकला. तिच्यामागे हँगरला तिचीच निळी साडी, मालिकेत मंगळागौरीला नेसलेली. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी ती ओळखली. "संपला म्हणते, मग साडी इस्त्री करून कशाला लटकवलीय?" काकूंना मुलाखत पटली नव्हती असं नाही. त्यांनी मुलाखतीकडे लक्षच दिलं नव्हतं. प्रेक्षक नटाच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतो.

हॅरिंग्टनचंही तेच झालं. आणि मग तोंडही घसरलं. सप्टेंबर २०१५ मध्ये बेल्जियममधल्या 'ह्यूमो' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तो बोलून गेला, की ही मालिका अजून काही काळ आपल्या आयुष्यात राहील आणि ती संपेल तेव्हा आपण बहुधा तिशीत असू. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. चाहत्यांनी लगेच बोटं मोजली. इंग्रजी पत्रकारांसमोर पढवलेलं उत्तर देणारा माणूस बेल्जियममध्ये जरा सैल सुटला, एवढंच. पण छापलेलं जगभर पोचायला तेव्हाही एक दुपार पुरत होती.

२३ नोव्हेंबरला एचबीओनंच नव्या पर्वाचं पोस्टर काढलं. त्यावर जॉनचा रक्ताळलेला चेहरा आणि खाली 'एप्रिल'. हा चांगला निर्णय होता, फक्त पाच महिने उशिरा आलेला. त्या दिवसापासून वाहिनीनं प्रश्न नाकारणं थांबवलं आणि तोच विकायला काढला.

नवं पर्व येण्याआधी उलट्या बाजूची गंमतही झाली. सहाव्या पर्वात एका भागापुरते आलेले इयन मॅकशेन मोकळेपणानं सांगून गेले, की आपलं पात्र एका मेलेल्या समजल्या गेलेल्या माणसाला परत आणतं. चाहते चवताळले. यावर म्हातारबुवांनी मालिकेची आणि चाहत्यांची मिळून अशी काही शिवराळ थट्टा केली, की ती इथे लिहीत नाही. म्हणजे एकाच वर्षात, एकाच मालिकेत, एक नट खोटं बोलला म्हणून लोक वैतागले आणि दुसरा खरं बोलला म्हणून. जूनमध्ये तो भाग आला तेव्हा परत आलेलं पात्र बघून लोकांनी आनंदानं टाळ्याच वाजवल्या. आधी कळल्यानं काही बिघडलं नाही.

१ मे २०१६. सहाव्या पर्वाचा दुसरा भाग. मेलिसांड्रेनं जॉनचं अंग पुसलं, केस कापले (होय, केस), मंत्र म्हटले, काहीच झालं नाही. एकेक जण खोलीतून निघून गेला. मग त्यानं श्वास घेतला. दुसऱ्याच दिवशी 'एंटरटेनमेंट वीकली'त, त्याच साप्ताहिकात, हॅरिंग्टनची माफी आली. सगळ्यांशी खोटं बोललो, क्षमा करा. त्यातच त्यानं असंही सांगितलं, की 'बरं, मेला तर मेला' म्हणून लोक सोडून देतील अशी त्याला भीती वाटत होती.

पण एका माणसाला त्यानं आधीच खरं सांगितलं होतं. गाडी भरधाव चालवताना पोलिसानं पकडलं, हा किस्सा त्यानं नंतर जिमी फॅलनच्या कार्यक्रमात सांगितला. पोलीस म्हणाला, दोन मार्ग आहेत : माझ्यामागे चौकीवर या, नाहीतर पुढच्या पर्वात तुम्ही जिवंत आहात का ते सांगा. हॅरिंग्टननं सांगून टाकलं. पोलिसानं त्याला लॉर्ड कमांडर म्हणून निरोप दिला आणि वेग कमी ठेवायला सांगितलं.

आकड्यांत नुकसान शून्य. सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग थेट प्रक्षेपणात सुमारे ८९ लाख लोकांनी पाहिला, म्हणजे मागच्या वर्षीचा उच्चांक मोडला.

वेगळं काय करता आलं असतं

वाहिनीच्या बाजूनं बोलायचं तर काहीच बिघडलं नाही, मग वेगळं कशाला करायचं? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर दोन भागांत आहे, आणि दुसरा भाग थोडा वादाचा.

पहिला भाग त्या मुलाखतीचा. निरोपाची मुलाखत द्यायलाच हवी होती, पण ती पात्राबद्दलची ठेवता आली असती. कराराचा प्रश्न येणारच होता. बातमी आठ महिने जुनी होती. 'पैशांचं निर्मात्यांना विचारा' एवढं एक वाक्य पाठ करून घेतलं असतं तरी चाललं असतं. लोकांना संशय आला असता, बरोबर. पण संशय तसाही आलाच. खोटं बोलून एकही चाहता फसला नाही. फक्त नटाच्या माथी एक माफी बसली.

दुसरा भाग. दहा महिने सगळी चर्चा 'जिवंत होणार की नाही' या एका प्रश्नाभोवती फिरली. त्याच पावसाळ्यात आपल्याकडे 'कटप्पानं बाहुबलीला का मारलं' हे सुरू झालं. पहिला चित्रपट १० जुलै २०१५ ला आला आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. ते कोडं जवळजवळ दोन वर्षं टिकलं, कारण 'का' या प्रश्नाच्या उत्तरात गोष्ट दडलेली असते. 'आहे की नाही' याच्या उत्तरात एकच अक्षर. जॉननं श्वास घेतला आणि दहा महिन्यांची हवा एका क्षणात सुटली. मरून परत येणं म्हणजे काय, त्याची किंमत कोण भरतं, पलीकडे त्यानं काय पाहिलं? काहीच नव्हतं, असं जॉन पुढच्या भागात सांगतो. केवढं भयानक वाक्य आहे ते! पण ते ऐकायला कुणी थांबलंच नाही. सगळे आपला तर्क बरोबर निघाल्याच्या आनंदात होते. 'परत येतोय, पण कोण म्हणून?' असा प्रश्न पोस्टरवर नोव्हेंबरऐवजी जुलैतच टाकला असता तर त्या दृश्याला जास्त मोकळी जागा मिळाली असती. तिसरा मार्ग आता मला वेडेपणाचा वाटत नाही, तो यामुळे.

यावर माझा एक मित्र हरकत घेतो. तो म्हणतो, लोकांना तर्क लढवण्याची जी मजा आली ती कबुलीनं मेली असती. नट खोटं बोलणार, आपण पकडणार, हा दोघांनी मिळून खेळायचा खेळच आहे. त्यात तथ्य आहे. प्रोमोत लग्न मोडताना दाखवतात आणि भागात ते स्वप्न निघतं, तरी आपण रात्री साडेआठला पुन्हा बसतोच. पण खेळात दोघंही खेळाडू असावे लागतात, आणि हॅरिंग्टनचा सूर नंतर ऐकला तर तो खेळत होता असं वाटत नाही. तो निभावत होता.

पुढच्या काळात वाहिनीनं धडा घेतला तो भलताच. सप्टेंबर २०१७ मध्ये एचबीओचे केसी ब्लॉइस यांनी सांगितलं, की मालिकेचा अंतिम शेवट फुटू नये म्हणून अनेक शेवट चित्रित करणार. म्हणजे पुन्हा 'डॅलस'. पण तोवर लोक नटांच्या शब्दांऐवजी चेहरे वाचायला शिकले होते. शेवटचं पर्व कसं आहे, या प्रश्नावर मालिकेतलीच नटी एमिलिया क्लार्कनं भुवया उडवत 'आजवरचं सर्वोत्तम' म्हटलेलं आणि हॅरिंग्टननं एका शब्दात 'निराशाजनक' असं गमतीत म्हटलेलं लोकांनी जपून ठेवलं. १९ मे २०१९ ला मालिका संपली, शेवटचं पर्व नव्यानं बनवा म्हणून मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या, आणि त्या क्लिपा पुन्हा फिरू लागल्या. या वेळी कुणीच खोटं बोललं नव्हतं.

आता राहिलं त्या पहिल्या मुलाखतीतलं वाक्य. सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागात हॅरिंग्टन आहे. तो एका टेबलावर पडून असतो, अंगावर जखमा, एक शब्द नाही, एक हालचाल नाही. दुसऱ्या भागातही शेवटच्या क्षणापर्यंत तसाच. 'पुढच्या पर्वात मी प्रेताचं काम करतोय' असं तो जून २०१५ मध्ये म्हणाला असता, तर ते अक्षरशः खरं ठरलं असतं, सगळे हसले असते आणि एकानंही विश्वास ठेवला नसता.